कललेलं लाकडी कोठार ओढण्याआधी

प्रिय मित्रा,

कोठार कललंय म्हणून लगेच चेन पुली लावायची घाई करू नकोस. सांगाडा उगाच कलत नाही. खांबाचा पाय कुजलेला असतो, खालचा दगड खचलेला असतो, नाहीतर गाडी आत यावी म्हणून कुणीतरी कोपऱ्यातली तिरपी दांडी कापलेली असते. ते कारण तसंच ठेवून ओढलंस तर कोठार पुन्हा कलणारच.

प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लाव आणि मीटरमागे किती कल आहे ते खांबावरच खडूने लिही. मग पेचकसाने पाय टोचून बघ. वरून धडधाकट दिसणारा खांब दगडाला टेकतो तिथे आतून भुसा झालेला असू शकतो. पाय बदलताना तुळईला स्क्रू जॅकचा आधार दे. हायड्रॉलिक जॅकवर भार सोडून जाऊ नकोस, तेल गळलं की तो बसतो. नव्या तुकड्याचा तिरपा सांधा खांबाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट लांब हवा, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या खांबाला 60 ते 80.

ओढण्याआधी बाहेरच्या फळ्यांचे खिळे सैल कर, कारण वाकड्या सांगाड्याला त्याच धरून ठेवतात. तुटक्या खुंट्या काढ. सांध्यांच्या फटींतली माती, भुसा खरवडून काढ, नाहीतर कुसू (लाकडाच्या टोकाची खाचेत बसणारी जीभ) खाचेत परत न बसता फुटतो. (हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.) चेन कर्णात लाव: ज्या बाजूला कल आहे त्या खांबाच्या माथ्यापासून समोरच्या खांबाच्या पायापर्यंत. पाय नुसता दगडावर टेकलेला असेल तर आधी अडव, नाहीतर माथ्याऐवजी पायच सरकेल. सगळ्या चौकटी आळीपाळीने, थोड्या थोड्या ओढ. कुरकुर चालेल, पण काड्कन आवाज आला की थांब. ताणलेल्या चेनच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

ओळंब्याच्या किंचित पलीकडे ओढ, सोडल्यावर सांगाडा थोडा मागे येतो. तिरप्या दांड्या बसल्याशिवाय चेन सोडायची नाही. खुंट्या वाळलेल्या कठीण लाकडाच्याच घे. नवा कुसू केलास तर त्याचं भोक खाचेच्या भोकापेक्षा 2-3 मिलिमीटर खांद्याकडे (कुसू जिथून सुरू होतो तिकडे) पाड, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आवळतो.

आणि वर्षानुवर्षांच्या भाराने पोटात वाकलेली तुळई जॅकने सरळ करायच्या नादी लागू नकोस. तो बाक जात नाही, टोकांचे सांधे मात्र फाटतात. वरचा मजला समतल हवाच असेल तर तुळईवर निमुळत्या पट्ट्या ठोक.