शिरोलीत छोटी फौंड्री आहे, फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आधी काय तयार ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, आहे, एकूण 35 माणसं, त्यातली 12 ठेकेदाराची, आणि एक कन्सल्टंट म्हणतोय रजिस्टरं सगळी मी भरून देतो, टेन्शन घेऊ नका. मी बरीच वर्षं फौंड्रीतच टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-रजिस्टरच्या कामाला, काढली म्हणून सांगतो, कागद नंतर बघा, आधी शॉपफ्लोअरवर चला.

मी आधी जिथं होतो तिथं रजिस्टरं एक नंबर होती. एकदा सेकंड शिफ्टला फेटलिंगमधल्या (ओतलेला पीस घासून साफ करतात तिथल्या) पोराच्या बोटाला ग्राइंडर लागला. फर्स्ट एडची पेटी भिंतीवर होती पण कुलूप लावलेली, किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये आणि सुपरवायझर घरी गेलेला. शेवटी बोटाला कॉटन वेस्ट गुंडाळून मोटरसायकलवरनं दवाखान्यात नेला त्याला. सकाळी बघतो तर ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, बेंचखाली रनर-रायझरच्या (पीसवरनं तोडलेल्या जादा धातूच्या) ढिगात पडलेलं, मोठा पीस बसत नाही म्हणून कुणीतरी काढलं ते परत लावलंच नाही. आणि त्याच महिन्यात गार्ड तपासल्याची रजिस्टरला सही होती, ती माझी. ते अजून डोक्यातून जात नाही.

आता कायद्याचं. पॉवरवर चालणाऱ्या युनिटला आपल्याकडं 20 माणसांपासून फॅक्टरी धरतात आणि ठेकेदाराची माणसंपण त्यात मोजतात, म्हणजे तुम्ही 23 नाही, 35 च. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या जागी कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवीन संहिता आलीय, त्यामुळं कन्सल्टंट जुनेच फॉर्म काढत असला तर आधी त्याला विचारा. नवीनमध्ये प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यावं लागतंय, त्याच्यापासूनच सुरुवात करा की. कॅन्टीन 100 माणसांपासून, ते तुम्हाला लागत नाही.

पण पाणी, संडास, हातपाय धुवायची सोय, कपडे ठेवायला जागा याला सुटका नाही. पिण्याचं पाणी संडास-मुतारीपासून 6 मीटर तरी लांब पाहिजे हे जुन्या कायद्यातच लिहिलेलं, आणि फर्नेससमोर उभा राहणारा माणूस किती पाणी पितो ते एकदा स्वतः बघा म्हणजे कूलर कुठं बसवायचा ते कुणी सांगायला लागणार नाही. पेटी कामाच्या वेळेत कायम उघडी, आणि प्रत्येक शिफ्टला फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालेला एक माणूस.

सगळ्यात जास्त जीव लावा तो धुळीवर. नॉकआउटला (साचा फोडून पीस बाहेर काढताना) आणि ग्राइंडिंगला वाळूची जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस, आणि त्याच्यावर बरा करणारा इलाज नाही. पोरं तोंडाला रुमाल बांधतात, त्यानं ती बारीक धूळ अडत नाही. धूळ ओढणारी सिस्टिम पाहिजे, बरोबरीला चांगला मास्क, आणि दरवर्षी छातीचा एक्स-रे, ठेकेदाराच्या 12 जणांचापण.

पगाराचं थोडक्यात, ओव्हरटाइम डबल दरानं. पीएफ 20 माणसांपासून, ईएसआय (कामगार विमा) 10 पासून, महिन्याला 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयला मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75. ठेकेदार भरतो म्हणून सोडू नका, दर महिन्याला त्याच्याकडनं पैसे भरल्याचं चलन मागून नावं ताडून घ्या, त्यानं बुडवलं तर वसुली वडिलांकडनंच होते.

कन्सल्टंट ठेवा, ऑनलाइन रिटर्न वगैरे भरायला लागतोच. पण त्याला पहिला चेक द्यायच्या आधी एकदा सेकंड शिफ्टला, न सांगता, वडिलांना घेऊन फेटलिंगमध्ये जाऊन या आणि प्रत्येक ग्राइंडरचं गार्ड हातानं हलवून बघा.