इलेक्ट्रिक चॉपरनं हात नेमका कधी कापतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावच्या फ्लॅटमध्ये नवा चॉपर आलाय, घरात लहान मूल आहे, सासूबाई म्हणतात ‘आपली विळीच बरी’. हे यंत्र खरंच धोक्याचं आहे का आणि वापरावं कसं?

धोका आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. चॉपर घरघरत असतो तेव्हा झाकण बंद असतं आणि हात बाहेर असतो. बोटं कापतात ती त्यानंतर, चिरलेला कांदा काढताना आणि त्याहून जास्त भांडं धुताना. पातं थांबलेलं असतं म्हणून लक्ष सैल होतं, धार मात्र तशीच असते. त्यामुळे चालवण्यापेक्षा उघडायचा क्रम अंगवळणी पाडा.

जोडताना: भांडं ओट्यावर कोरड्या जागी ठेवा, पातं मधल्या खुंटीवर पूर्ण खाली बसवा, मग जिन्नस, झाकण, वरची मोटर आणि सर्वांत शेवटी प्लग. काढताना आधी प्लग, मग मोटर, मग झाकण. इथपर्यंत उलटा क्रम बरोबर जुळतो. यापुढे तो मोडायचा: जिन्नस राहू द्या, आधी पातं बाहेर काढा. बहुतेक जण भांडं तसंच ताटात उपडं करतात. पातं खुंटीवर नुसतं अडकवलेलं असतं, ते सुटून कांद्याबरोबर खाली येतं आणि ते धरायला हात आपोआप पुढे जातो. पडत असलेलं पातं पडू द्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पातं धरायचं ते वरच्या प्लास्टिकच्या टोकाला, दोन बोटांनी, सरळ वर. रुतून बसलं असेल तर ओढू नका, थोडं पाणी घालून हळूच फिरवा, सुटतं. धारेला चिकटलेली कोथिंबीर किंवा लसूण सिलिकॉनच्या चमच्यानं निपटा, बोटानं नाही.

बॅटरीवर चालणारा छोटा चॉपर असेल तर जास्त सावध राहा. त्याला प्लग काढण्याची सोयच नाही, बटणाला धक्का लागला की पातं फिरलंच. मोटर पूर्ण उचलून बाजूला ठेवल्याशिवाय आत काहीही घालू नका, चमचासुद्धा.

नव्या यंत्राची एक चाचणी पहिल्याच दिवशी करा. पातं न लावता, झाकण न लावता, हात लांब ठेवून बटण दाबा. झाकणाला सुरक्षा-लॉक आहे असं डब्यावर लिहिलं असेल तर मोटर फिरता कामा नये. फिरली तर दुकानात परत करा. त्या लॉकच्या खाचेत सुरीचं टोक घालून यंत्र ‘चालतं’ करणारेही असतात. हाताशी असलेलं एकमेव संरक्षण त्यानं जातं.

आता काय घालायचं आणि किती. भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरा. कांद्याचे चार तुकडे करा, मोठ्याचे सहा. गाजर-बीट दोन-अडीच सेंटिमीटरचं. बटण एकेक सेकंद दाबायचं आणि सोडायचं. कांद्याला पाच-सहा वेळा पुरे. सलग दाबून धरलं की खालचा कांदा पाणी सोडून लगदा होतो आणि वरचा तसाच राहतो. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करूनच घाला, ओली पानं भिंतीला चिकटतात आणि पातं नुसतंच फिरतं. सोललेल्या, शिरा काढलेल्या सुंगटांचे (कोळंबीचे) कटलेट करायचे असतील तर दोन-तीन दाबातच थांबा. चिकन किंवा मटण बिनहाडाचं, दोन सेंटिमीटरचे तुकडे, पांढरे चिवट पडदे काढून. हे पडदे पात्याला गुंडाळतात. चोरिसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळेतला दोराही तसाच गुंडाळतो, तेव्हा गाठी सोडवून, आवरण काढूनच मसाला आत टाका.

नारळाबद्दल गैरसमज फार आहे. ओल्या खोबऱ्याचे एक सेंटिमीटरचे तुकडे चॉपरमध्ये छान रवाळ होतात, नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) चुनासाठी, म्हणजे गोड सारणासाठी, किंवा कोशिंबिरीसारख्या किसमुरीसाठी चालतात. पण शागुती किंवा हुमण अशा नारळाच्या रश्श्यांचं गुळगुळीत वाटण त्यात कधीच होणार नाही. वाटणासाठी पाणी, अरुंद भांडं आणि जास्त वेग लागतो, ते मिक्सरचं काम. वाटण होत नाही म्हणून पाच-पाच मिनिटं बटण दाबून धरतात आणि मोटर जळते. रेशाद मसाल्याच्या सुक्या मिरच्याही यात दळू नका. पूड होत नाही, तुकडे होतात, आणि झाकण उघडताच बारीक धूळ डोळ्यांत जाते.

हळकुंड, जायफळ, सुकी सुपारी, बर्फ, फ्रीझरमधून थेट काढलेलं मटण, कोयीसकट आंबा, हाडं: यातलं काहीही नको. पातं पोलादाचं असलं तरी त्याची पकड प्लास्टिकची असते. कठीण तुकडा मध्ये अडकला की पकडीचे खाचे घासले जातात, पातं वाकतं, किंवा भांड्याला केसाएवढी चीर पडते. चीर पडलेलं भांडं चिकटवून वापरू नये. गरम पदार्थही नको. वाफ झाकणाला खालून ढकलते आणि उकळती डाळ उडते. बाळासाठी भाजी बारीक करायची असेल तर भांडं बाहेरून हाताला सोसेल इतकी ती निवू द्या.

मोटर थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेली असते. पाठीवरच्या पट्टीवर ‘केबी’ (KB) ही अक्षरं आणि पुढे सेकंद किंवा मिनिटांचा आकडा असतो, तीच सलग चालवण्याची कमाल मर्यादा. आकडा नसेल तर एका वेळी ३० सेकंदांच्या वर जाऊ नका आणि मध्ये दोनेक मिनिटं विश्रांती द्या. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी दहा नारळ एकापाठोपाठ काढायचे असतील तर हा हिशेब आधीच धरा. पातं अडकून मोटर नुसतीच गुरगुरली तर लगेच बटण सोडा. अडकलेल्या मोटरमधून वीज जास्त वाहते आणि आतला पंखा फिरत नसल्यानं उष्णता बाहेर पडत नाही. जळका वास आला आणि यंत्र आपोआप बंद पडलं, तर बऱ्याच यंत्रांत ते उष्णतेच्या स्वीचचं काम असतं. प्लग काढा, अर्धा तास थांबा. प्लग लावलेलाच ठेवून आत बोट घालून ‘काय अडकलंय’ हे पाहू नका, स्वीच थंड होऊन पुन्हा जोडला जाऊ शकतो. लाईट गेली तरी प्लग काढायचा, विशेषतः फिरवायचा खटका असेल तर.

विजेचं म्हणाल तर आपल्याकडे पावसाळ्यात ओटा, हात, भिंत सगळं दमट असतं. सिंकजवळच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चॉपर नको, थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्वीच) आहे का ते पाहा. एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) तारा वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून तो खाली पडून वीज तोडतो ना याची खात्री करा. मोटरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तिला दुहेरी आवरण असतं आणि म्हणून प्लगला अर्थिंगची पिन नसते, त्यात काही चूक नाही.

धुणं. पात्यावर साबण घालून सिंकमध्ये इतर भांड्यांत टाकायचं नाही, हा नियम अजिबात मोडू नका. फेसाखाली पातं दिसत नाही आणि नंतर हात घालणारा दुसराच कुणी असतो. पातं वापरल्याबरोबर वेगळं, वाहत्या पाण्याखाली, लांब दांड्याच्या ब्रशनं धुवा. ब्रश जाड कण्याकडून धारेकडे न्या. मोटरला नळाखाली धरायचं नाही, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं. झाकणाची रबरी रिंग काढून वाळवा, नाहीतर पावसाळ्यात तिथं काळी बुरशी धरते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पातं ओलं ठेवू नका, खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही डाग येतात. वाळलं की ते भांड्यातच ठेवून झाकण लावा. चमच्यांच्या खणात त्याला जागा नाही.

मुलासाठी: वायर ओट्यावरून लोंबू देऊ नका, आणि मोटर व पात्याचं भांडं दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. सासूबाईंना बटण जोरानं दाबणं जड जात असेल तर ओला हात आणि ओला ग्रॅनाइट ही जोडी टाळा, भांड्याखाली रबरी मॅट घाला.

कापलंच तर स्वच्छ कपड्यानं सलग दहा मिनिटं दाबून धरा, हात वर ठेवा, मध्ये उघडून बघू नका. खोल जखमेत हळद भरू नये, डॉक्टरला आत पाहता येत नाही. रक्त थांबत नसेल, बोट बधिर झालं असेल किंवा वाकत नसेल तर टाक्यांसाठी लगेच दवाखाना गाठा, वाहन नसेल तर १०८. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते तिथं सांगा.