बागेत इलेक्ट्रिक कटर चालवायचा तर एमसीबी पुरेसा आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत तळमजल्यावर घर आहे, पुढे छोटी बाग आहे, हॉलमधून एक्स्टेन्शन ओढून नवा हेज ट्रिमर चालवता आणि परवा पाऊस थांबल्यावर कुंपण छाटताना हाताला झिणझिण्या आल्या. घरात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके) आहेत, मग घाबरायचं कारण आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

कारण आहे. वायरमनला दाखवेपर्यंत तो ट्रिमर परत लावू नका, ही कळकळीची विनंती.

मी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता नेरूळला जुन्या रो-हाऊसमध्ये राहतो. तुमच्यासारखा प्रश्न शेजारीपाजारी दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तरच पडतो. माणसाच्या अंगातून १०-१५ मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे करंट टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यासाठी आरसीसीबी लागतो. जुनी माणसं त्यालाच ईएलसीबी म्हणतात. फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघत असतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती वाट कदाचित तुमच्या अंगातून असेल. मोठी गळती असेल तर चांगला आरसीसीबी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडतो. घेताना त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय ना ते बघा. १०० किंवा ३०० चे असतात ते मुख्यतः आगीपासून बचावासाठी. माणूस फेज आणि न्यूट्रल दोन्हींच्या मध्ये सापडला तर मात्र आरसीसीबीला काहीच कळत नाही, त्यामुळे तो आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा नाही.

माझ्याकडचीच गोष्ट सांगतो. ऑगस्टमध्ये मेंदीचं कुंपण छाटत होतो आणि वायर पात्याच्या वाटेत आली. अख्खी तुटली असती तर शॉर्ट होऊन एमसीबी पडला असता. पण केशरी आवरणाला नखाएवढी चीर गेली होती, आत फक्त फेजची तांब्याची तार चमकत होती, आणि वायर नेमकी मागच्या डबक्यात पडली. माळीदादा दोन हातांवर अनवाणी उभे होते. घरातून आवाज आला, "लाइट गेली का?" जाऊन बघितलं तर एमसीबी जागच्या जागी, आरसीसीबी खाली. तो मी त्याच्या आदल्या वर्षीच बसवला होता. ती चीर आठवली की आजही पोटात खड्डा पडतो.

आता तुमच्या झिणझिण्यांबद्दल. ट्रिमरवर व्होल्ट-वॉट लिहिलेल्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे, त्याला दोन पिनाच असतात आणि अर्थिंग लागत नाही. पण आत पाणी शिरलं की त्या इन्सुलेशनचा भरवसा नाही. ती खूण नसेल, बॉडी धातूची असेल, तर थ्री पिन टॉप आणि चालू अर्थिंग दोन्ही हवंच. प्लगमध्ये तीन भोकं दिसतात म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. आमच्या घरातला अंगणाकडचा बोर्ड मी उघडला तेव्हा वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू कोरा होता, त्याला वायर लावलेलीच नव्हती. आरसीसीबी अर्थिंगशिवायही चालतो, पण मग गळती कळते ती कोणीतरी हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर बॉडीत करंट उतरताक्षणी तो पडतो.

एक्स्टेन्शन म्हणून टीव्हीपाशी वापरतात तसला स्पाइक गार्ड नको. १.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, रबरी आवरणाची अखंड वायर घ्या. टेप गुंडाळलेला जोड बागेत चालणारच नाही. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. पुढेमागे १८०० वॉटचा प्रेशर वॉशर घेतलात तर तो जवळपास ८ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरच्या प्लगला लावू नका. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा, आणि पात्यात फांदी अडकली तर आधी प्लग काढा, मगच हात घाला. पाऊस नुकताच थांबलेला असताना काम नको; गवत वाळू द्या आणि पायात रबरी तळाचे बूट घाला. माळ्यालाही तुम्हीच बूट घेऊन द्या.

एवढ्याशा बागेला खरं तर १८-२० व्होल्टचा बॅटरीवाला ट्रिमर छान पुरतो. वायरच नाही, शॉकची भीती नाही. पाती पुसताना बॅटरी मात्र काढून ठेवा. मला आज घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता.

कोणाला शॉक बसून तो चिकटला तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

आज एवढं करा: मेन बोर्ड उघडून ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण शोधा. सापडलं तर दाबा, खटका लगेच खाली यायला हवा. नाही आला तर तो आरसीसीबी निकामी आहे, आणि बटणच सापडलं नाही तर बहुधा तो बसवलेलाच नाही. दोन्हींत लायसन असलेल्या वायरमनला बोलवा, आणि त्याच फेरीत अंगणाकडच्या प्लगचं अर्थिंगही तुमच्यासमोर तपासायला सांगा.