पोटातलं रक्त शोधणारी सोनोग्राफी

प्रश्न : आघाडीवरच्या वैद्यकीय तळावर सीटी स्कॅन नसतो. स्फोटात जखमी झालेल्या जवानाच्या पोटात रक्तस्राव होतोय, हे सोनोग्राफीवर कसं ओळखतात? काहीच दिसलं नाही, तर तो धोक्याबाहेर समजायचा का? – नर्सिंगची विद्यार्थिनी, देवळाली

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं : नाही, मुळीच समजू नका.

‘फास्ट’ नावाची ही तपासणी एवढंच सांगते, की पोटात किंवा हृदयाच्या आवरणात मोकळं रक्त साचलंय का. कुठला अवयव फाटला, ते ती सांगत नाही. २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब (अंगावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण) लागतो आणि सरावलेल्या हाताला तीन-चार मिनिटं पुरतात.

प्रोब उजव्या कुशीत, खालच्या बरगड्यांवर धरा. यकृत करडं दिसतं, शेजारी मूत्रपिंड आणि दोघांमध्ये पांढरी रेघ. त्या रेघेच्या जागी काळी पट्टी दिसली, तर रक्त. मात्र प्रोब खाली सरकवत राहा, यकृताचं टोक दिसल्याशिवाय थांबू नका. रक्त बहुधा तिथेच आधी दिसतं आणि घाईत तेच राहून जातं. डाव्या बाजूला प्रोब आणखी वर आणि मागे न्यावा लागतो, इतका की बोटांची पेरं स्ट्रेचरला टेकतात. तिथे प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामधली जागा पाहा. मग छातीच्या हाडाखालून हृदय आणि शेवटी ओटीपोट. मूत्राशय भरलेलं असेल तर मागचं स्पष्ट दिसतं, म्हणून शक्यतो कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याआधीच तिथे पाहून घ्या.

साधारण २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त सहसा दिसत नाही. गोठलेलं रक्त यकृतासारखंच करडं दिसतं आणि फसवतं. आतड्याला पडलेलं भोक, श्वासपटलाची जखम, पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव यांत तपासणी कोरी येऊ शकते. स्फोटातले धातूचे बारीक तुकडे नेमक्या अशाच जखमा करतात. त्यामुळे पोट लाकडासारखं कडक झालं असेल, तर पडदा काहीही म्हणो, सर्जनला बोलवा.

रक्तदाब घसरलाय आणि काळी पट्टीही दिसतेय, तर थेट ऑपरेशन टेबल. तपासणी कोरी आली, तर थोड्या वेळाने पुन्हा करा. नाडी वाढली की लगेच आणि हेलिकॉप्टरमध्ये चढवण्याआधी एकदा. मात्र हातापायातून रक्त वाहत असेल, तर आधी टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) आवळा, प्रोब नंतर.