सिंथच्या बंदुका: ताल गेमकडे द्या, सूर उजव्या स्टिककडे

तुमची अडचण मला समजली ती अशी. गोडो या गेम इंजिनमध्ये ट्विन-स्टिक शूटर (डाव्या स्टिकने हालचाल, उजव्या स्टिकने मारा) करताय, 120 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 120 बीटचा ट्रॅक आहे, बास, लीड, पॅड आणि ड्रम अशी चार सिंथ (सिंथेसायझर) शस्त्रं आहेत. गोळी बीटवर सुटली नाही तर तिचा मारा निम्मा होतो. ज्यांना खेळायला दिलंत त्यांनी दोन मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला. आणि पडद्यावर तीसेक शत्रू जमले की सगळ्या आवाजांचा चिखल होतो. शिक्षा ठेवू की काढू, आणि चिखल कसा निवळू, असं विचारलंय.

शिक्षा काढा, आजच. लोकांना ताल कळत नाही म्हणून मी हे सांगत नाहीये. ट्विन-स्टिकची घडणच त्या नियमाच्या विरोधात जाते. 1982 च्या 'रोबोट्रॉन: 2084' मध्ये दोन जॉयस्टिक होत्या आणि गोळीचं बटण नव्हतंच. उजवी स्टिक ढकलली की त्या दिशेला गोळ्या सुटत राहतात. तेव्हापासून या प्रकारातला खेळाडू गोळी 'केव्हा' हे ठरवत नाही, 'कुठे' हे ठरवतो. त्याचा अंगठा सतत फिरत असतो. बीटवर थाप मारायची तर हाताला बटण किंवा कातडं लागतं. फिरत्या अंगठ्याकडून थाप मागणं म्हणजे सारंगीच्या गजाने तबला वाजवायला सांगण्यासारखं आहे.

मग त्या अंगठ्याचं स्वाभाविक काम कोणतं? सिंथचा फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, फिरवणं! उजवी स्टिक ही सिंथवरच्या नॉबची सख्खी बहीण आहे: सतत बदलणारी, दोन अक्षांची. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे. ताल गेमने सांभाळायचा, सूर आणि रंग खेळणाऱ्याने द्यायचा.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. तोशिओ इवाइ यांचा 'ओतोकी' हा शूटर 1987 मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आला. त्यात आठ दिशांना मारा करता येतो, प्रत्येक दिशेला वेगळा सूर आहे, आणि बटण कधीही दाबलं तरी सूर तालाच्या पुढच्या घरात जाऊन बसतो. चुकीची वेळ अशी काही नसतेच. तेत्सुया मिझुगुची यांच्या 'रेझ'मध्येही (2001) माऱ्याचे आवाज बीटला चिकटतात. तो ट्विन-स्टिक नाही, ठरलेल्या मार्गावरचा शूटर आहे, पण आवाजाच्या बाबतीत तुम्ही सर्वात जास्त शिकाल ते त्याच्याकडूनच. तुमच्या प्रकाराच्या अगदी जवळचा हवा असेल तर जोनाथन मॅक यांचा 'एव्हरीडे शूटर' (2007) घ्या. त्यात सगळं गिटारवर आहे, शत्रू फुटला की गिटारचा तुकडा वाजतो आणि गेमची पातळी (लेव्हल) गाण्याइतकीच चालते. तिन्हींपैकी एकातही बेताल गोळीला दंड नाही.

आता प्रत्यक्ष काम. 120 बीपीएमला एक बीट 500 मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग 125 चा. या चौथ्या भागालाच मी 'घर' म्हणतो. उजवी स्टिक ढकललेली असेल तोवर दर 125 मिलिसेकंदांनी एक गोळी, म्हणजे सेकंदाला आठ. शूटरला हा वेग छान पुरतो. अडचण फक्त पहिल्या गोळीची. घर नुकतंच सरून गेलं असेल तर तिला जवळजवळ 125 मिलिसेकंद थांबावं लागेल, आणि तेवढा उशीर हाताला लगेच खुपतो. म्हणून पहिली गोळी ताबडतोब सोडा, तिला सूर नसलेला बारीक खट् आवाज द्या, आणि सुरेल नोट पुढच्या घरात वाजवा. डोळ्यांना आणि हाताला उत्तर तत्काळ मिळतं, कानाला तालात मिळतं. माझ्या गेममध्ये हा एक बदल केल्यावर 'गोळी अडकते' ही तक्रार बंद झाली.

घड्याळ मात्र आवाजाचंच वापरा. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. फ्रेम आली की नोट वाजवायची असं केलंत तर प्रत्येक नोट तेवढी मागेपुढे होणार, आणि 125 मिलिसेकंदांच्या घरांच्या ओळीत ते लंगडणं स्पष्ट ऐकू येतं. युनिटीत ठरावीक ऑडिओ-वेळेला आवाज सुरू करण्याची सोय आहे. गोडोमध्ये मी ऑडिओस्ट्रीमजनरेटर घेऊन सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म बिंदू) स्वतः भरतो. त्याचा बफर (आगाऊ भरून ठेवलेला आवाजाचा साठा) मुळात 0.5 सेकंदाचा असतो, तो 0.05 पर्यंत आणून बघा आणि आवाज तुटायला लागला की थोडा वाढवा. गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेला हे काम जड जातं, तेवढा भाग सी-शार्पमध्ये लिहा.

इथेच एक खड्डा आहे. 44,100 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 44,100 सॅम्पल असताना, तुमचं 125 मिलिसेकंदांचं घर 5512.5 सॅम्पलचं होतं. ते अर्धं सॅम्पल टाकून दर वेळी 5512 मिळवत गेलात तर पाच मिनिटांत 2400 घरं होतात आणि सुमारे 27 मिलिसेकंदांचा फरक पडतो. गोळ्या ट्रॅकच्या पुढे पळायला लागतात. मागच्या घरात भर घालू नका. घराचा क्रमांक गुणिले घराची लांबी, असं दर वेळी सुरुवातीपासून मोजा. मग पूर्णांक करा.

चिखलाकडे येतो. एकच आवाज एकाच क्षणी दोनदा वाजला की आवाजाची पातळी 6 डेसिबलने चढते, आठ वेळा वाजला की 18 ने. तुमचे तीस शत्रू एकेक आवाज वाजवत असतील तर मिक्सरमध्ये आवाज फाटणारच, त्यावर लिमिटर (आवाज एका मर्यादेवर अडवणारं साधन) लावून फक्त फाटणं दाबलं जाईल. मी असं करतो: एका घरात जितके शत्रू मेले ते मोजतो आणि घर संपताना एकच आवाज वाजवतो. एक मेला तर एक सूर, दोन मेले तर दोन, तीन किंवा जास्त मेले तर तीन सुरांचा कॉर्ड आणि फिल्टर थोडा अधिक उघडा. मोठा संहार मोठा ऐकू येतो आणि मिक्सरवर तीनच नोटा असतात.

सूर कोणते? पाच सुरांत राहा. सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे सूर. त्यातले कुठलेही दोन एकत्र वाजले तरी अर्ध्या सुराची टक्कर होत नाही, म्हणून स्टिक कशीही फिरली तरी कान दुखत नाही. गेमची पातळी गंभीर करायची असेल तर धानीचे सा ग म प नि, ग आणि नि कोमल. भूप किंवा धानी 'गायला' असा दावा मात्र करू नका. राग त्याच्या चलनात, म्हणजे सुरांच्या चालीत असतो, आपण फक्त त्याचे स्वर उसने घेतोय. स्टिकचा कोन पाच भागांत वाटा आणि सा वरच्या दिशेला ठेवा.

शस्त्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे मला सर्वात जास्त सांगायचंय. तुमची चारही शस्त्रं सध्या 'वेगळा आवाज, वेगळा रंग' एवढीच दिसतात. सिंथचं शस्त्र तेव्हाच सिंथचं होतं, जेव्हा आवाज घडवणारी गोष्टच गोळीही घडवते. एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा चढतो आणि विरतो त्याचा आराखडा, घ्या. अटॅक म्हणजे गोळीला पूर्ण ताकद यायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे स्टिक सोडल्यावर मागे रेंगाळणारी शेपटी, आणि त्या शेपटीनेही इजा व्हावी. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून आवाज कापतो ती जागा, ती झोताची रुंदी ठरवेल. एलएफओने (सूर हलवणाऱ्या संथ लहरीने) सूर थरथरत असेल तर गोळीची वाटही त्याच वेगाने नागमोडी जावी. सेकंदाला चार-पाच हेलकावे डोळ्यांना नीट दिसतात.

बाससाठी रोलंडच्या 1981 च्या टीबी-303 या बास सिंथचा अभ्यास करा. त्यात दोन गोष्टी सोन्याच्या आहेत: अ‍ॅक्सेंट आणि स्लाइड. अ‍ॅक्सेंट आलेल्या घरातली गोळी दुप्पट जोराची. स्लाइडच्या घरात गोळी न सुटता आधीची गोळीच नव्या दिशेला वळते, जशी मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर जाते. हे यंत्र रागाच्या स्वरांना किती मानवतं ते चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत 303 आणि रोलंडच्याच 808 ड्रम मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड काढून दाखवलंच आहे. ती एकदा हेडफोन लावून ऐका आणि फक्त स्लाइड कुठे येते तेवढं मोजा. पॅडसाठी एफएम (एका लहरीने दुसरी लहर हलवून आवाज घडवण्याची पद्धत) वापरून बघा: मॉड्युलेशन वाढेल तसा आवाज घंटेकडून काचेकडे जातो, त्याच प्रमाणात गोळीचे तुकडे वाढवा.

मागचा ट्रॅक रिकामा करा. पाठवलेल्या क्लिपमध्ये तो स्वतःच पूर्ण गाणं आहे, त्यात खेळणाऱ्याला जागाच उरलेली नाही. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर लेहरा चालतो तसा ट्रॅक हवा. साधा, फिरून फिरून येणारा, सम कुठे आहे ते सांगणारा. सोळा बीटचं आवर्तन धरा आणि शत्रूंची नवी लाट नेहमी समेवर आणा. मोठा शत्रू यायच्या आधी तिहाई द्या, एकच तुकडा तीनदा आणि शेवटची थाप समेवर. खेळणाऱ्याने तिहाई हा शब्द कधी ऐकला नसला तरी दुसऱ्या वेळेपासून त्याचं अंग आपोआप तयार होतं. मी हे केलं तेव्हा धोक्याचा लाल बाण काढून टाकता आला.

बिनतारी इअरफोनवर चाचणी करू नका. ब्लूटूथमध्ये सहज 100 ते 200 मिलिसेकंद जातात, मग तुम्ही नसलेल्या चुका दुरुस्त करत बसाल. मी एक आख्खा आठवडा असा घालवला आहे. गेममध्ये खेळणाऱ्याला आवाजाचा उशीर जुळवून घेता येईल असा एक पडदा ठेवाच. फोनच्या स्पीकरवर 50 हर्ट्झचा किक ऐकूच येत नाही, त्याला वर 2 ते 3 किलोहर्ट्झला एक छोटा ठोका जोडा.

पुढच्या बिल्डमध्ये पहिल्यांदा फक्त दोन गोष्टी करा: दंड काढणं आणि मेलेल्यांचे आवाज घराघरात गोळा करणं. मग कोणालातरी खेळायला बसवा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून बसा. नुसतं ऐकून त्याने शस्त्र कधी बदललं, लाट कधी आली आणि तो कधी अडचणीत सापडला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जिथे सांगता येणार नाही त्या जागेचं रेकॉर्डिंग इथे टाका, पॅडचा अटॅक किती ठेवलाय तेही लिहा. क्लिपमध्ये तो मला फार लांब वाटला. 40 मिलिसेकंदांच्या आत आणून एकदा ऐकू या.