वाचकांचे प्रश्न : लिनक्स एकच, मग प्रोग्राम इथे चालतो आणि तिथे का नाही?

प्रश्न : उबुंटू 24.04 वर सीमध्ये लिहिलेला साधा प्रोग्राम कंपाइल केला. कॉलेजच्या लॅबमधल्या उबुंटू 20.04 वर तो ‘जीलिबसी 2.34 सापडत नाही’ असे सांगून बंद पडतो. दोन्ही मशिन 64 बिटची आहेत. लॅबमध्ये नवी जीलिबसी टाकली तर चालेल का?

उत्तर : कृपा करून टाकू नका. एलएसपासून बॅश आणि ॲप्टपर्यंत त्या मशिनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिबसीवर, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या तयार फंक्शनच्या मूळ सी लायब्ररीवर, उभा आहे. ती आणि प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणारा तिचा लोडर यांची आवृत्ती जुळली नाही, की साधी कमांडही चालत नाही आणि दुरुस्तीसाठी पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करावे लागते.

दोष कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नाही. कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना दंडक आहे. गाडी अडते ती वरच्या थरात. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो, आणि कंपाइल करताना त्या मशिनवर उपलब्ध असलेला त्या फंक्शनचा सर्वांत नवा शिक्का प्रोग्राममध्ये नोंदला जातो. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या 2.34 मध्ये थ्रेडची (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. म्हणून नुसते ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रामही 2.34 मागतो. उबुंटू 20.04 मध्ये 2.31 आहे, 22.04 मध्ये 2.35, 24.04 मध्ये 2.39, डेबियन 12 मध्ये 2.36, तर रेड हॅट 8 मध्ये 2.28. तुमच्या मशिनवरचा आकडा एलडीडी कमांडला ‘व्हर्जन’ पर्याय दिला की दिसतो.

जीलिबसीच्या बाबतीत जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते, उलटे नाही. तेव्हा पॉडमन किंवा डॉकर या साधनाने उबुंटू 20.04 चा कंटेनर, म्हणजे त्या आवृत्तीचे वेगळे बंदिस्त वातावरण, उघडा, त्यात कंपायलर आणणारे बिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाका, सोर्सचा फोल्डर माउंट करा आणि तिथेच कंपाइल करा. नंतर तयार फाइलवर ऑब्जडम्प कमांड कॅपिटल टी पर्याय देऊन चालवा आणि जीलिबसीचे शिक्के तपासा. सगळ्यात मोठा आकडा 2.31 च्या वर नसावा.

हा भरवसा इतर लायब्ऱ्यांबाबत मात्र बाळगू नका. 20.04 वर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या 1.1 आवृत्तीला जोडलेला प्रोग्राम 22.04 वर अडतो, कारण तिथे फक्त ओपनएसएसएल 3 आहे. जुन्या डिस्ट्रोतले (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार संचाला डिस्ट्रो म्हणतात) 1.1 चे पॅकेज ओढून आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. त्या शाखेचा सार्वजनिक आधार सप्टेंबर 2023 मध्ये संपला आहे.

प्रश्न : डेबियनवर चालणारा प्रोग्राम अल्पाइन या दुसऱ्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये टाकला की ‘सापडत नाही’ म्हणतो. फाइल तर समोर दिसते आहे.

उत्तर : न सापडणारी फाइल दुसरीच आहे. प्रत्येक डायनॅमिक, म्हणजे चालताना बाहेरच्या लायब्ऱ्या जोडून घेणाऱ्या, प्रोग्राममध्ये त्याच्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो; रीडएल्फ कमांड स्मॉल एल पर्यायासह चालवा, म्हणजे तो दिसेल. अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मस्ल ही दुसरी सी लायब्ररी आहे आणि तिचा लोडर वेगळ्या नावाचा आहे. जीकॉम्पॅट हे पॅकेज टाकून छोटे प्रोग्राम बहुधा चालतात. मोठ्या प्रोग्रामसाठी डेबियनची स्लिम इमेज घ्या, किंवा सोर्स हाताशी असेल तर अल्पाइनमध्येच पुन्हा कंपाइल करा. तसे केल्यावर प्रोग्राम अधूनमधून कोसळू लागला, तर आधी थ्रेडचा स्टॅक, म्हणजे फंक्शन चालवताना त्याला मिळणारी मेमरी, पाहा. मस्ल नव्या थ्रेडला 128 केबी देते, जीलिबसीवर तो सहसा 8 एमबी असतो. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणे) असलेला कोड इथे मार खातो. थ्रेड तयार करतानाच स्टॅकचा आकार ठरवून द्या.

प्रश्न : फेडोरावर बिनचूक चालणारी शेल स्क्रिप्ट डेबियनवर दुहेरी चौकटी कंसापाशी थांबते. का?

उत्तर : फेडोरात ‘एसएच’, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा ठरलेला शेल, हा बॅशच असतो, डेबियन आणि उबुंटूत तो डॅश असतो आणि त्याला दुहेरी कंस किंवा ॲरे कळत नाहीत. पहिल्या ओळीत एन्व्ह कमांडमार्फत बॅश मागवा. थेट पत्ता लिहू नका, कारण फ्रीबीएसडीवर बॅश यूएसआर-लोकलखाली असतो. आणि ‘एसएच’ हा शब्द पुढे लावून स्क्रिप्ट चालवू नका, त्याने पहिली ओळ निकामी होते.

प्रश्न : सगळ्या डिस्ट्रोंनी मिळून एकच मानक का ठरवले नाही?

उत्तर : ठरवले होते. लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकाची 5.0 ही आवृत्ती जून 2015 मध्ये आली. त्यात पॅकेजसाठी आरपीएम या प्रकाराचा आग्रह होता, आणि त्यानुसार प्रोग्राम बनवणारे विक्रेते फारसे पुढे आले नाहीत. त्याच वर्षी डेबियनने बहुतेक आधार काढून घेतला. फोल्डरांच्या रचनेचे मानक तेवढे टिकले. आमच्या मते आता डेस्कटॉपच्या प्रोग्रामसाठी फ्लॅटपॅक हा जास्त भरवशाचा मार्ग आहे, कारण लायब्ऱ्यांचा ठरलेला संच तो स्वतःच आणतो. डिस्कवर जागा मात्र जास्त लागते. ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेला प्रोग्राम, सुटसुटीत आहे, पण तीही सहसा मशिनवरचीच जीलिबसी वापरते. शिवाय जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला ती फाइल फोल्डरसारखी उघडून देणारे फ्यूज 2 लागते आणि उबुंटू 22.04 पासून ते आपोआप बसवलेले नसते. 22.04 वर लिबफ्यूज2 हे पॅकेज टाका. 24.04 वर त्याच्या नावाच्या शेवटी टी64 जोडलेले आहे. फ्यूज हे दुसरे पॅकेज चुकूनही टाकू नका, ते फ्यूज 3 ला हटवते आणि सोबत डेस्कटॉपचे भागही काढून टाकू शकते.