वाचकांचे प्रश्न: ऱ्होड आयलंड, गोव्याच्या मापाचं अमेरिकी राज्य

मागच्या अंकात लहान राज्यांवरच्या लेखात ऱ्होड आयलंडचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतल्या चार-पाच प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न (फोंडा): स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात ऱ्होड आयलंडचं क्षेत्रफळ ४,००१ चौरस किलोमीटर दिलंय, दुसऱ्यात २,६७८. गोवा ३,७०२. मग मोठं कोण?

उत्तर: दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. पहिल्या आकड्यात पाणी धरलंय, दुसऱ्यात निव्वळ जमीन. म्हणजे पाणी धरलं तर ऱ्होड आयलंड मोठं, नुसत्या जमिनीत गोवा. दक्षिणेकडून नॅरागॅन्सेट उपसागर राज्यात असा घुसलाय की त्याचं वरचं टोक थेट राजधानी प्रॉव्हिडन्सला टेकतं. त्यामुळे राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणीच आहे. कसंही मोजलं तरी अमेरिकेच्या ५० राज्यांत ते सगळ्यांत लहान. परीक्षेत नुसतं ‘क्षेत्रफळ’ विचारलं तर एकूण आकडा लिहावा. नाव बेटाचं असलं तरी राज्याची बहुतेक जमीन मुख्य भूमीवर आहे, आणि न्यूपोर्ट शहर मात्र उपसागरातल्या सर्वांत मोठ्या बेटावर आहे.

लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत १०,९७,३७९ होती. जमिनीवर वाटली तर चौरस किलोमीटरला सुमारे ४१०. गोव्याची २०११ची घनता ३९४. गर्दी साधारण सारखीच, फक्त डोंगर नाहीत. तिथलं सर्वांत उंच ठिकाण जेरिमथ हिल २४७ मीटरचं आहे. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला तो टेंबच वाटेल.

प्रश्न (काणकोण): तिथे जिल्हे किती?

उत्तर: नकाशावर पाच काउंटी आहेत, पण त्यांना सरकार नाही. ना जिल्हा पंचायत, ना काउंटीची कचेरी. खरा कारभार ३९ शहरं आणि टाउन चालवतात. शाळा, घरपट्टी, कचरा, रस्त्यावरचं पार्किंग, सगळं त्यांच्याकडे. म्हणून दोन किलोमीटरवरच्या शेजारच्या टाउनमध्ये घरपट्टीचा दर निराळा निघतो. वॉशिंग्टनला मात्र या राज्याचे दोन प्रतिनिधी आणि दोन सेनेटर जातात. सेनेटमध्ये कॅलिफोर्नियालाही दोनच. आपले लोकसभेत दोन, पण राज्यसभेत एकच.

प्रश्न (मडगाव): तिथे पोर्तुगीज वंशाचे लोक पुष्कळ आहेत म्हणतात. गोव्यातून गेलेले का? आणि तिथला चोरीस (डुकराच्या मांसाचा सॉसेज) आपल्यासारखाच असतो का?

उत्तर: गोव्यातून नव्हे. बहुतेक जण अटलांटिकमधल्या, पोर्तुगालच्या अझोरिश बेटांवरचे. आधी देवमाशांच्या शिकारीची जहाजं अझोरिशवर खलाशी भरून घेत. मागाहून कापडगिरण्यांना हात हवे होते. १९५७-५८ मध्ये फायाल बेटावर कापेलिन्युश ज्वालामुखी फुटला, घरं-शेतं राखेखाली गेली. तेव्हा ऱ्होड आयलंडचे सेनेटर जॉन पास्टोर आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी यांनी पुढाकार घेऊन १९५८ साली अझोरिशच्या निर्वासितांसाठी कायदा करून घेतला. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आधी गेलेल्यांनी भावंडांना बोलावून घेतलं. ईस्ट प्रॉव्हिडन्स, ब्रिस्टल, पॉटकेट ही त्यांची ठाणी. शिवाय आफ्रिकेजवळच्या, पूर्वी पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या केप व्हर्द बेटांहून आलेले लोक वेगळे. ते प्रॉव्हिडन्सच्या फॉक्स पॉइंट भागात राहून धक्क्यावर हमाली करत, पुढे महामार्ग आणि वाढत्या भाड्यांनी त्यांना तिथून उठवलं.

चोरीसाचं म्हणाल तर चव निराळी. त्यांच्यात लसूण, पाप्रिका आणि वाइन. आपल्यातला माडाचा व्हिनेगर नाही, तिखटही बेताचं. तो घालून आपल्या पद्धतीचा पुलाव केला तर सपक लागतो. कांदा परततानाच चमचाभर व्हिनेगर आणि व्हिनेगरमध्ये वाटलेल्या सुक्या मिरच्या घालाव्या. मीठ मात्र शेवटी चाखूनच.

प्रश्न (डिचोली): एवढंसं राज्य खातं काय? खाणी नाहीत, मोठी शेती नाही.

उत्तर: डिचोलीच्या वाचकाला हा प्रश्न पडावा हे साहजिक आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी पाणी. ब्लॅकस्टोन नदी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरपासून पॉटकेटपर्यंत सुमारे ७४ किलोमीटरमध्ये १३३ मीटर खाली उतरते. या उतारावर जागोजाग बांध घालून चक्रं फिरवता येतात. सॅम्युएल स्लेटर हा इंग्लंडच्या गिरणीत तयार झालेला माणूस यंत्रांची रचना डोक्यात घेऊन आला. इंग्लंडमधून अशी यंत्रं किंवा त्यांचे आराखडे बाहेर नेण्यास बंदी होती. १७९०ला त्याने पॉटकेटमध्ये पाण्यावर सूत काढून दाखवलं, १७९३ला गिरणी उभी राहिली. ती इमारत आजही आहे. पहिले कामगार मुलं होती, हेही सांगायला हवं. त्याआधीची कमाई तर जहाजांची. न्यूपोर्ट आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी रम आफ्रिकेत नेऊन गुलाम खरेदी केले. प्रवासी पुस्तिका न्यूपोर्टचे वाडे दाखवतात, हा हिशेब सहसा बाजूला ठेवतात.

विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या, कारण तिथे मजुरी कमी, संघटना दुबळ्या आणि कापूस जवळ. खोट्या दागिन्यांचा धंदा प्रॉव्हिडन्समध्ये काही दशकं टिकला, स्वस्त आयातीने तोही आटला. त्यातच १९७३ साली नौदलाने न्यूपोर्टची लढाऊ जहाजं हलवण्याचं आणि क्वॉन्सेट पॉइंटचा हवाईतळ बंद करण्याचं जाहीर केलं. खाणबंदीनंतर ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाचं दुकान असं एकामागून एक कसं थंडावलं ते आपण २०१२ नंतर पाहिलंय. तिथेही तसंच झालं. फरक पुढचा. क्वॉन्सेटची जागा विकून तुकडे न करता राज्याने एकत्र राखली आणि उद्योगांना भाड्याने दिली. तिथे इलेक्ट्रिक बोट कंपनी अणुपाणबुड्यांचे गोल खंड बनवते. ते बार्जवर चढवून शेजारच्या कनेटिकटमधल्या ग्रॉटनला जोडायला जातात. आमच्या मते गोव्याने या राज्याकडून काही शिकायचंच तर ते हे. समुद्रकिनारे आपल्याकडे आहेतच.

आज सर्वाधिक रोजगार इस्पितळं आणि शिक्षणात आहे. १७६४ साली स्थापन झालेलं ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही दोन्ही प्रॉव्हिडन्सच्या एकाच टेकडीवर. औषध दुकानांची सीव्हीएस ही कंपनी वूनसॉकेटची. २०१६ पासून ब्लॉक आयलंडजवळच्या समुद्रात पाच पवनचक्क्या ३० मेगावॅट क्षमतेने चालतात. अमेरिकेतला हा पहिलाच व्यावसायिक सागरी पवनप्रकल्प. आणि माणक्यो (स्क्विड)! गॅलिलीच्या बंदरात त्या मुबलक उतरतात. तळलेली माणकी लोणच्याच्या मिरच्यांसह हा २०१४ पासून राज्याचा अधिकृत ‘आरंभीचा पदार्थ’ आहे.

प्रश्न (म्हापसा): मुलगी पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सला शिकायला जायचीय. काय काय बघावं?

उत्तर: भारतातून जाताना बॉस्टनचं तिकीट बहुधा सोयीचं पडतं. विमानतळावरून सिल्व्हर लाइन बस साउथ स्टेशनला नेते, विमानतळावर चढणाऱ्याला भाडं नाही. तिथून उपनगरी रेल्वेने प्रॉव्हिडन्स साधारण तासाभराचं. रात्री उशिरा उतरत असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा.

घर घेताना पहिला प्रश्न: भाड्यात हीटिंग आहे का, आणि ते तेलावर की गॅसवर? जुन्या लाकडी घरांत तेलाची टाकी असते, ती भरण्याचा खर्च भाडेकरूवर आला तर हिवाळ्याचं गणित कोलमडतं. नाताळात घर बंद करून जाताना हीटर बंद करू नये, ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसवर ठेवावा. नाहीतर भिंतीतले नळ गोठून फुटतात, आणि बर्फ वितळलं की पाणी खालच्या मजल्यात. बर्फाचा इशारा आला की शहर रस्त्यावरच्या पार्किंगला बंदी घालतं. तेव्हा उभी असलेली गाडी उचलून नेतात.

दुकानातल्या किमतीवर ७ टक्के विक्रीकर गल्ल्यावर लागतो. हॉटेलातल्या जेवणावर ८ टक्के. किराण्यावर नाही, आणि २५० डॉलरपर्यंतच्या कपड्यावरही नाही. म्हणून थंडीचा जाड कोट इथून नेऊ नका. तो तिथेच घ्यावा, ऑक्टोबर संपायच्या आत.

ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये खोली स्वस्त मिळाली तर तिथून प्रॉव्हिडन्सला जोडणाऱ्या वॉशिंग्टन पुलाची चौकशी करावी. त्याचा पश्चिमेकडे जाणारा भाग डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद करावा लागला आणि दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पुलावर आली. नवा पूल होईपर्यंत सकाळच्या वर्गाला निघताना वेळ हाताशी ठेवावा लागेल.